पिवळ्या गोगलगायीचा पासपोर्ट

४ जानेवारी

ही डायरी फुकटची आहे. खेळणीवाल्यांच्या बैठकीत प्रत्येकाला एकेक वाटली, सोबत पेन आणि घशात अडकेल असा कोरडा केक. बैठक घेणाऱ्या बाई म्हणाल्या, कारखान्यात रोज काय घडतं ते लिहायची सवय लावा. आता आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या म्हणजेच आमचा कारखाना, त्यामुळे जे तिकडे घडतं ते इकडेही ऐकू येतं. दोन्हीचं एकत्रच लिहीन. कोण वाचायला बसलंय!

तर बैठकीचं सार असं. पुढच्या हंगामापासून मोठा खरेदीदार फक्त पासपोर्ट असलेलं खेळणं घेणार. कायदाच तसा आलाय. खेळण्याच्या पोटावर एक चौकोनी, ठिपक्याठिपक्यांचा शिक्का. त्यावर मोबाइल धरला की त्याचं सगळं खानदान समोर: लाकूड कुठलं, रंग कुठला, कुणी तपासलं, मुलाने चघळलं तर काय. मागे बसलेला चेंडूवाला ओरडला, "अहो बाई, माझ्याकडे माझाच पासपोर्ट नाही!" सगळे हसले. मीही हसले. त्या खरेदीदाराला प्रदर्शनात आमची पिवळी गोगलगाय आवडलीय. दुकानवाले आता आमचा माल हात आखडून घेतात. ही ऑर्डर आली तर कारखाना चालेल. नाही आली तर लाकूड कातायचा लेथ विकून यांना कुठेतरी नोकरी धरावी लागेल, हे आम्ही दोघांनी ठरवून टाकलंय. बाबांना, म्हणजे सासरेबुवांना, अजून सांगितलेलं नाही.

घरी येऊन पासपोर्टचं सांगितलं. हे लेथवर होते. "हं," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्या "हं"चा अर्थ मला अजून सासरेबुवांना विचारावा लागतो.

सासरेबुवा रंगाच्या खोलीतून म्हणाले, "गोगलगायीला पासपोर्ट? ती पोचेपर्यंत विमान सुटेल की!"

मी पोट धरून हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी असा विनोद केला.

९ जानेवारी

पासपोर्टबाई आज कारखाना बघायला आल्या. (बैठकवाल्या त्याच. आमच्या घरात आता त्यांचं हेच नाव.) वयाने माझ्याएवढ्याच, पायात सपाट बूट, पिशवीत अर्धं दुकान. त्यांनी एक छोटं नळकांडं काढून टेबलावर ठेवलं. खेळण्याचा सुटा होणारा कुठलाही तुकडा या नळकांड्यात मावला, तर तो लहान मुलाच्या घशातही मावतो. मग ते खेळणं बाद.

आमच्या गोगलगायीची दोरी ओढली की चाकं फिरतात आणि शिंगं वरखाली होतात. तीच तर गंमत आहे. बाईंनी एक शिंग चिमट्यात धरून असं काही ओढलं की ते टुपकन निघालं आणि नळकांड्यात जाऊन बसलं. यांचं तोंड पडलं. पण माणूस कामाचा आहे, लगेच शिंगाचं भोक डोळ्याजवळ धरून बघायला लागला.

मग बाईंनी रंगाचा विषय काढला. पिवळा कुठून घेता? त्यांचा कागद आहे का? सासरेबुवांनी कोपऱ्यातलं पत्र्याचं पिंप दाखवलं. पिंपावर ना नाव ना गाव. रंगवाल्या काकांनी दुकान बंद करताना दिलेलं ते. काका म्हणजे बाबांचे बालमित्र. दुकानाच्या मागच्या बाजूला पडून असलेली ही पिवळी पूड त्यांनी बाबांना भेट म्हणून दिली आणि पुढे काही महिन्यांत गेलेच बिचारे. शेवटी शेवटी त्यांना हातात तराजूसुद्धा धरवत नव्हता. वय झालं होतं.

"मग याचा नमुना तपासायला द्यावा लागेल," बाई म्हणाल्या.

"माझ्या मित्राने दिलंय ते," बाबा म्हणाले. "मेलेल्या माणसाची झडती घेता काय?"

आणि उठून गेले. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! चहा पुढे केला, तर बाई म्हणाल्या की रंगाच्या खोलीत काही खायचं-प्यायचं नाही, बाहेर बसू. त्यांचेही नखरे कमी नाहीत.

११ जानेवारी

हे दोन दिवस ते नळकांडं खिशात घेऊन फिरतायत. माझी कानातली कुडी, बाटलीचं बूच, चष्म्याचा स्क्रू, सगळं त्यात घालून बघून झालं. "हेही बाद," म्हणतात आणि खूश होतात. मी म्हटलं, मलाही घालून बघा एकदा. तर वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तू सुरक्षित आहेस." मेला विनोद!

पण शिंगांचा प्रश्न त्यांनी सोडवला. दोन्ही शिंगं आता एकाच दांडीतून कोरलेली आहेत आणि दांडी डोक्यातून आरपार जाते. मी दोन्ही हातांनी ओढून बघितलं. माझंच नख तुटलं.

१७ जानेवारी

आज पिवळ्याचा नवा घाणा झाला. पूड वार्निशमध्ये घोटताना बाबांचा चेहरा बघण्यासारखा असतो. हा पिवळा खरोखरच वेगळा आहे. आधी आम्ही बाजारातला डब्यातला वापरायचो, तो याच्यापुढे आजारी वाटतो. हे पिंप उघडल्यापासून दुकानात आमची गोगलगाय लांबून ओळखू येते.

घाणा झाला की बाबा करंगळी बुडवून जिभेला लावतात. डोळे मिटतात. मग मान हलवली की पास. खेळणं वाळल्यावर परत एकदा जीभ लावतात, शिंगांना आणि पाठीला. आमच्या कारखान्याची ही पहिल्यापासूनची पद्धत. बाजारातल्या पिवळ्याला ते नाक मुरडायचे, "याला चवच नाही." हा मात्र गोडसर लागतो म्हणे. मोठमोठ्या कारखान्यांत असला मालक सापडेल का? पासपोर्टबाईंना हे सांगायचं राहूनच गेलं त्या दिवशी.

पाठीवरची चक्री काढताना आज बाबांचा ब्रश दोनदा घसरला. मनगट लुळं पडल्यासारखं खाली जातं. मी म्हटलं, द्या, मी काढते. तर अंगावर आले, "तुला सगळंच येतं!" हा पासपोर्टचाच राग आहे. नाकाला झोंबल्यात मिरच्या.

२५ जानेवारी

सासरेबुवांनी असहकार पुकारलाय. पोट दुखतं म्हणतात, जेवण निम्मं ताटात. सकाळी तासन्‌तास संडासात आणि बाहेर येतात ते कपाळाला आठ्या घालून. मी ओवा दिला, गरम पाणी दिलं. काल विचारलं, "बाबा, खरं सांगा, पोट दुखतंय की पासपोर्ट दुखतोय?" हसले नाहीत. पूर्वी हसले असते.

नमुन्याचा विषय मी परत काढला. समजुतीने काढला, माझी शपथ. ऑर्डर गेली तर लेथ विकावा लागेल, हेही सांगून टाकलं.  ते म्हणाले, "लेथ विकू नका. पण त्याच्या पिंपाला हात लावायचा नाही." मग मी करू तरी काय? यांना विचारलं, तर "हं." डोकं आपटून घ्यावंसं वाटलं भिंतीवर.

२ फेब्रुवारी

मी केलं. आज बाजाराला जाते सांगून एक तयार गोगलगाय पिशवीत टाकली आणि तपासणीच्या प्रयोगशाळेत देऊन आले. पिंपाला हात लावलेला नाही. शब्द मोडला नाही असं स्वतःला सांगतेय, पण मन काही ऐकत नाही. घरी आले तर बाबांनी विचारलं, भाजी कुठाय? भाजी घ्यायचीच विसरले होते. म्हटलं, मिळाली नाही. बाजारात भाजी मिळाली नाही म्हणे!

 ते परत पोट धरून बसले होते. रिपोर्ट चांगला आला की तो त्यांच्या हातात देईन आणि म्हणेन, बघा, तुमच्या मित्राला शंभरपैकी शंभर. मग राग जाईल आणि जेवायलाही लागतील.

१४ फेब्रुवारी

शिसं. पिवळ्यात शिसं आहे. थोडंथोडकं नाही. आकडा बघून मला काही कळलं नाही, म्हणून खिडकीतल्या मुलीला विचारलं, हे जास्त आहे का? तिने शेजारच्या रकान्यातली मर्यादा दाखवली; आमचा आकडा तिच्या कितीतरी पट होता.

ऑर्डर गेली. लेथ गेला. बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? यांना सांगितलं. यांनी लेथ बंद केला आणि नुसते उभे राहिले. आज "हं" पण नाही.

१५ फेब्रुवारी

घाईत लिहितेय, अक्षर कसंही येईल.

पासपोर्टबाईंना फोन केला, तर त्या तासाभरात हजर. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, जुन्या रंगांत असं सापडतं, रंग बदलता येतो, ऑर्डरला अजून वेळ आहे. आधी ते पिंप बंद करून बाजूला ठेवा, खोली कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मला इतका धीर आला की मी नको तितकी बोलायला लागले. म्हटलं, बाई, आमच्याकडे निष्काळजीपणा नाही हो, आमचे बाबा प्रत्येक घाणा स्वतः चाखून बघतात.

बाई फडकं पिळत होत्या. थांबल्या.

"चाखून म्हणजे?"

मी करंगळी जिभेला लावून दाखवली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. या पिंपाचं म्हणाल, तर मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून."

"पोट दुखतं का त्यांचं?" बाईंनी विचारलं. "जेवण जात नाही? चिडचिड? हातातून वस्तू पडतात?"

 एकेक प्रश्नाला हो म्हणत गेले. माझ्या डोळ्यांसमोर होतं हो सगळं! या डायरीत माझ्याच हाताने लिहिलंय आणि प्रत्येक वेळी मी त्याला रुसवा म्हटलंय. ओवा देत बसले मी.

बाबांना तसंच गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. ते विचारत होते, "अगं, झालंय काय?" मी म्हटलं, आधी चला.

१९ फेब्रुवारी

रक्तात शिसं निघालं, बरंच. इस्पितळात ठेवलंय, औषध सुरू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. वेळेवर! पोट आणि भूक सुधारेल, मनगटात ताकद हळूहळू येईल, पण पहिल्यासारखी येईलच असं नाही. आम्हा दोघांच्याही रक्तात थोडं आहे, त्याला औषध नको, पिवळ्यापासून लांब राहायचं.

रिपोर्ट शेवटी यांनीच सांगितला बाबांना. खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं, मी चोरून नमुना दिला तेही. इतकं सलग बोलताना मी यांना आमच्या लग्नातही ऐकलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "तो मला विष देणार नाही."

"त्यांनाही माहीत नव्हतं, बाबा," हे म्हणाले.

 बाबांनी आपलाच उजवा हात वर धरला. पंजा खाली लोंबत होता.

"त्याचेही हात असेच झाले होते," म्हणाले. "मी त्याला हसायचो. म्हणायचो, आळशी झालास."

तोंड भिंतीकडे केलं. मी पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

२१ फेब्रुवारी

आज डबा घेऊन गेले, तर बाबा उठून बसले होते. मी घरची बातमी सांगत होते, तर मधेच म्हणाले, "किती विकल्या गं?"

मला कळलं नाही. म्हटलं, काय किती?

"पिवळ्या. या पिंपातल्या." आणि मग भरून आल्यासारखं बोलायला लागले. "हा तुझा नवरा रांगत होता तेव्हाची गोष्ट. मी बनवलेली बाहुली तोंडात घालून बसला होता. सगळा रंग ओठांना. तुझी सासू घाबरून रडायला लागली. त्याला काही झालं नाही, पण मी तेव्हाच ठरवलं, पोराच्या तोंडात जायचं ते आधी माझ्या तोंडात जाईल. मला काही झालं नाही, तर त्यालाही होणार नाही. एवढं साधं होतं ते." थांबले. "गोड लागायचा गं. मला वाटलं, गोड आहे म्हणजे चांगला आहे."

मी रडले. सरळ तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर. त्यांनीच मला पाणी दिलं, डाव्या हाताने.

मग म्हणाले, "परत आण सगळ्या. एकही बाहेर ठेवू नको. मला झालं ते होऊ दे, पण एकही नको."

२८ फेब्रुवारी

परत आणायच्या म्हणजे काय, हे आता कळतंय. कुठली कुणाकडे गेली, काय ठाऊक? आमच्या मालावर ना शिक्का, ना काही. पासपोर्ट असता तर एका दिवसात सगळ्यांना कळलं असतं, हे पासपोर्टबाई बोलल्या नाहीत. मीच बोलले, चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता. प्रत्येक दुकानाच्या काचेवर लावल्या: पिवळी गोगलगाय मुलांच्या हातून काढून घ्या, रंगात शिसं आहे, आम्हाला परत द्या, बदली खेळणं घ्या. खाली आमचा पत्ता. एक दुकानदार म्हणाला, "अहो वहिनी, स्वतःच्या हाताने स्वतःची बदनामी?" मी म्हटलं, चिकटपट्टी द्या जरा.

९ मार्च

लोक येतायत. काही तोंडाला येईल ते बोलून जातात आणि त्यांचं चुकत नाही. काहीजण नुसती ठेवून जातात. बाबा घरी आलेत आणि दारापाशीच खुर्ची टाकून बसतात. मी म्हणते, आत चला. येत नाहीत. प्रत्येक गोगलगाय पोत्यात टाकायच्या आधी हातमोजे घालून उलटीसुलटी करून बघतात.

आज एक बाई आली, कडेवर पोरगी. गोगलगायीच्या दोन्ही शिंगांवर दातांच्या खुणा होत्या. बाबांनी त्यांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "पोरीचं रक्त तपासा. आत्ता. माझी सून येते तुमच्याबरोबर." मी पायात चपला सरकवल्याच होत्या.

१३ मार्च

पोरगी ठीक आहे. रक्तात जरासं आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरायचं कारण नाही, खेळणं वेळेत गेलं हातातून, महिन्याने परत बघू. मी धावत घरी आले. बाबा दारात उभेच होते. सांगितलं, तर खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संध्याकाळी पहिल्यांदाच वाढून मागितलं.

३० मार्च

नवा पिवळा आला. हवाबंद डबा, वर लेबल, लेबलावर आकडे, सोबत कागदच कागद. पिंप आणि परत आलेल्या गोगलगायी घातक कचरा नेणारी गाडी येऊन घेऊन गेली. पिंप चढवताना बाबा उठून उभे राहिले. गाडी वळेपर्यंत बसले नाहीत.

नवा पिवळा जुन्याइतका झळाळत नाही, हे कबूल. हे म्हणाले, "बरा आहे." बाबा ब्रश धरत नाहीत आता, चक्री मी काढते. ते मागे बसून चुका काढतात. आज म्हणाले, "ही गोगलगाय आहे की जिलबी?" मी ब्रश त्यांच्या पुढ्यात धरला, तर म्हणाले, "नको, जिलबीच बरी दिसतेय."

विनोद परत आलाय.

६ मे

ऑर्डरचा पहिला माल आज जायचा. खरेदीदाराने ओढून, आपटून, जाळून, कशीकशी तपासली म्हणे आमची गोगलगाय, आणि शेवटी पास केली. पासपोर्टबाई सकाळीच आल्या, छान साडी नेसून. प्रत्येकीच्या पोटावर तो ठिपक्यांचा चौकोन. खोकी भरून दारात रचून ठेवली होती, नुसती चिकटपट्टी लावायची बाकी.

बाबा म्हणाले, "थांबा. मला वाचून दाखवा तो पासपोर्ट."

मी एक गोगलगाय उलटी करून मोबाइल धरला आणि मोठ्याने वाचलं. लाकूड कुठलं. वार्निश कुठलं. पिवळा कुठल्या कंपनीचा, कितव्या घाण्यातला. शिंगं किती जोराने ओढली. शिसं: नाही. तपासणी: प्रयोगशाळेचं नाव.

"त्यांनी तोंडात घालून बघितली का?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. यंत्रात घालून बघितली," पासपोर्टबाई म्हणाल्या.

"यंत्रात." त्यांनी माझ्या हातातून गोगलगाय घेतली. डाव्या हातात धरली, उजव्याने आधार दिला. तोंडाजवळ नेली. आम्ही तिघेही पुढे झालो. पण ते तिथेच थांबले. डॉक्टरीणबाईंना शब्द दिलाय त्यांनी, परत काही चाखायचं नाही. खोक्यांकडे बघत होते आणि त्यांना त्या खोक्यांमागे काय दिसत होतं, ते मला दिसत होतं. शिंगांवरच्या त्या दातांच्या खुणा.

मी त्यांच्या हातातून गोगलगाय काढून घेतली. पासपोर्टबाईंनी काही म्हणायच्या आत दोन्ही शिंगांना आणि पाठीला जीभ लावली. नीट, त्यांच्यासारखी, डोळे मिटून.

"कशी लागते?" त्यांनी विचारलं.

"कशीच नाही, बाबा. काहीच चव नाही."

"गोड?"

"अजिबात नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली, पूर्वी हलवायचे तशी.

"पास," म्हणाले. यांनी चिकटपट्टीचं टोक शोधायला घेतलं.